आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागा

आवर्तसारणी आधी तयार झाली आणि अणूच्या आत काय असतं ते नंतर कळलं. आपण शाळेत हे नेमकं उलट क्रमाने शिकलो. आधी प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, मग २, ८, ८ अशी कवचं, आणि त्यानंतर तो मोठा तक्ता. शिकवायला हाच क्रम सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे एक गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. ज्यांनी हा तक्ता मांडला त्यांना इलेक्ट्रॉन माहीत नव्हता, केंद्रक माहीत नव्हतं. त्या काळच्या कित्येक रसायनशास्त्रज्ञांचा तर अणू खरोखर असतात यावरही पुरता विश्वास नव्हता. तरीही तक्ता बरोबर निघाला. तो कसा, याची ही हकिकत.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला खरं तर ‘कॉम्प्युटर क्षेत्रातले अनुभव’ असा विषय दिला होता. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण त्यातलं बरंचसं दोन वर्षांत शिळं होतं. आवर्तसारणी दीडशे वर्षांत शिळी झालेली नाही. शिवाय माझ्या लेकीने दहावीचा धडा करताना मला विचारलं, “आई, पण जागा रिकामी सोडायची हे मेंडेलिव्हला सुचलं कसं?” पुस्तकात याचं उत्तर दोन ओळींत आहे. मला नीट उत्तर द्यायला तीन महिने वाचावं लागलं. तेच वाचलेलं तुमच्यापुढे ठेवते.

वजनांचा घोळ

१७८९ साली लव्हॉझिएने मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा तिच्यात ३३ नावं होती. त्यातली काही पुढे मूलद्रव्यं नव्हेत असं ठरलं. मग डेव्हीने विजेच्या साहाय्याने सोडियम, पोटॅशिअम वेगळे केले. १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखण्याची युक्ती काढली आणि लगेच सिझियम, रुबिडियम सापडले. यादी साठीच्या पुढे गेली. आता एवढ्या मूलद्रव्यांना लावायचं कशाच्या आधाराने?

डाल्टनने एक आधार दिला होता, अणूचं वजन. हायड्रोजनचं १ धरायचं आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करायची. पण त्यात एक गोम होती. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू मानला तर ऑक्सिजनचं वजन ८ येतं, दोन मानले तर १६. कोण काय मानतो यावर सगळं अवलंबून. एकट्या ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लाची, १९ निरनिराळी सूत्रं तेव्हा प्रचारात होती. केकुलेने आपल्या पुस्तकात त्यांची यादीच दिली आहे.

हा घोळ निस्तरण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. ठराव काही झाला नाही. पण इटलीच्या कॅनिझारोने आपल्याच देशातल्या ॲव्होगाड्रोचा पन्नास वर्षं पडून राहिलेला विचार हाती घेऊन वजनं कशी काढावीत ते समजावून सांगितलं. निघताना त्याची छोटी पुस्तिका लोकांच्या हाती पडली. ती घेऊन घरी गेलेल्यांमध्ये एक होता लोथार मायर आणि दुसरा २६ वर्षांचा मेंडेलिव्ह. पुढे दोघांनीही आवर्तसारणी केली, हा योगायोग नव्हे. आमच्या धंद्यात म्हणतात की आधी डेटा साफ करा, नमुना नंतर शोधा. कार्ल्सरुहला झालं ते हेच.

सा रे ग म

मूलद्रव्यांमध्ये घराणी आहेत हे लोकांना आधीपासून दिसत होतं. डोबरायनरची त्रिकं आपण पाठ केली होती. लिथियम, सोडियम, पोटॅशिअम यांची वजनं ७, २३, ३९. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढली की मधलं वजन मिळतं. क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन यांचंही साधारण तसंच. पण सगळी मूलद्रव्यं त्रिकांत बसत नव्हती.

इंग्लंडच्या न्यूलँड्सने मूलद्रव्यांना वजनाच्या क्रमाने नंबर दिले. त्याला दिसलं की दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं, जसा सा पासून निघालं की सात स्वरांनंतर पुन्हा सा येतो तसं. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं. तेव्हा श्रोत्यांतल्या एका प्राध्यापकाने विचारलं, मूलद्रव्यं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावून पाहिलीत का? निबंध सोसायटीने छापला नाही. एकवीस वर्षांनी, १८८७ मध्ये, रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिलं, पण तोवर नाव मेंडेलिव्हचं झालेलं होतं.

ती थट्टा आज क्रूर वाटते. मात्र न्यूलँड्सच्या तक्त्यात खरोखर एक अडचण होती. १८६५ च्या त्याच्या तक्त्यात एकही जागा रिकामी नव्हती. जे सापडलंय तेवढंच आहे असं धरून त्याने सगळं दाटीवाटीने बसवलं. त्यामुळे कोबाल्ट आणि निकेल या दोन धातूंना एकच चौकट मिळाली, आणि तीही फ्लुओरिन-क्लोरिनच्या रांगेत. सूर बरोबर होता, पण जे अजून आलेले नाहीत त्यांच्यासाठी बाक ठेवलेला नव्हता.

एका शिक्षकाची अडचण

मेंडेलिव्हचा जन्म १८३४ चा, सैबेरियातल्या टोबोल्स्क गावचा. मोठ्या कुटुंबातलं हे शेंडेफळ. वडील शाळेचे मुख्याध्यापक, पण त्याच्या जन्माच्या वर्षीच त्यांची दृष्टी गेली. आईने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळलं. पुढे वडील वारले आणि १८४८ मध्ये कारखाना जळाला. मग ही बाई धाकट्या मुलांना घेऊन दोन हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून मॉस्कोला आली. तिथे मुलाला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा ती सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथल्या अध्यापक घडवणाऱ्या संस्थेत १८५० मध्ये त्याला जागा मिळाली, आणि त्याच वर्षी आई गेली. १८८७ साली मेंडेलिव्हने द्रावणांवरचा आपला ग्रंथ आईच्या स्मृतीला अर्पण केला.

तर, हा माणूस शिक्षक म्हणून तयार झालेला होता. १८६७ मध्ये तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पाहतो तो विद्यार्थ्यांना देण्याजोगं रशियन पुस्तकच नाही. मग त्याने स्वतःच लिहायला घेतलं. पहिल्या भागात हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि क्लोरिनचं घराणं एवढीच मूलद्रव्यं झाली. तेव्हा माहीत होती ६३. उरलेली पंचावन्न एका भागात कोणत्या क्रमाने शिकवायची?

आपले जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. पोर्शन मोठा, दिवस थोडे, आणि कशामागून काय घ्यावं ते कळत नाही. आवर्तसारणी प्रयोगशाळेतल्या एखाद्या स्फोटातून निघाली नाही. ती धड्यांचा क्रम लावण्यातून निघाली.

रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९, आपल्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च. त्या सुमारास मेंडेलिव्ह चीज बनवण्याचे कारखाने पाहायला बाहेरगावी जाणार होता. त्यासंबंधीच्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर त्याने मूलद्रव्यांची वजनं एकाखाली एक लिहून वजाबाक्या केल्या. ते पत्र आजही जपून ठेवलेलं आहे. त्याच दिवशी तक्त्याचा मसुदा तयार झाला.

त्याने दोन गोष्टी अशा केल्या ज्या इतरांनी तेवढ्या धिटाईने केल्या नव्हत्या. एक, जिथे वजनाचा क्रम आणि गुणधर्म यांचं भांडण झालं तिथे त्याने गुणधर्माचं ऐकलं. टेल्युरिअमचं वजन आयोडिनपेक्षा जास्त. वजनाप्रमाणे आयोडिन आधी यायला हवं. पण आयोडिन उघडउघड क्लोरिन-ब्रोमिनच्या घरातलं, म्हणून त्याने टेल्युरिअम आधी ठेवलं. वजन मोजण्यात चूक असणार, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरी गोष्ट, जिथे घराण्यातला कोणी दिसत नाही तिथे त्याने शेजारच्याला ओढून बसवलं नाही. तिथे प्रश्नचिन्ह घातलं आणि पुढे अंदाजे वजन लिहिलं. १८६९ च्या छापील तक्त्यात ४५, ६८, ७० आणि १८० या वजनांपुढे अशी चार प्रश्नचिन्हं आहेत.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. जागा रिकामी सोडायला एखादी दिव्य दृष्टी लागली नाही. चारी बाजूंचे शेजारी नीट माहीत असले की मधला कोण नाही ते कळतं. वर्गात एखादा बाक रिकामा दिसला की आज कोण आलेलं नाही ते आपण हजेरी न घेताच सांगायचो, तसंच हे.

एक, द्वि, त्रि

१८७१ मध्ये त्याने या गैरहजर मूलद्रव्यांपैकी तिघांचं सविस्तर वर्णन छापलं आणि त्यांना तात्पुरती नावं दिली. नावांसाठी त्याने संस्कृत अंक घेतले. बोरॉनच्या घरातलं पुढचं ते एक-बोरॉन, तसंच एक-ॲल्युमिनिअम आणि एक-सिलिकॉन. आपण वर्गात ‘एका-सिलिकॉन’ असं रशियन झोकात म्हणायचो, आणि तो आपलाच ‘एक’ आहे हे ध्यानातही यायचं नाही.

१८७५ मध्ये फ्रान्सच्या ब्वाबोद्राँ याला एका जस्ताच्या खनिजात नवा धातू सापडला. त्याने नाव ठेवलं गॅलियम. मेंडेलिव्हने वाचलं आणि कळवलं की हे माझं एक-ॲल्युमिनिअम आहे. ब्वाबोद्राँने धातूची घनता ४.७ काढली होती. मेंडेलिव्हचं म्हणणं, ती ५.९ च्या आसपास यायला हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता तो, ज्याच्या हातात धातू होता त्याला हे सांगत होता. ब्वाबोद्राँने नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजलं. ५.९ आली. हा गॅलियम ३० अंशांच्या जरा अलीकडेच वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात बाटलीत ठेवला तर दिवसभर पातळच राहील. घरोघरी लागलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत त्याचंच संयुग असतं.

१८७९ मध्ये निल्सनला स्कँडियम सापडलं, ते एक-बोरॉन. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे विंकलरला जर्मेनियम सापडलं. मेंडेलिव्हने एक-सिलिकॉनचं वजन ७२ आणि घनता ५.५ सांगितली होती. विंकलरने मोजली ती ७२.३ आणि ५.४७. पंधरा वर्षं आधी कागदावर केलेलं हे भाकीत होतं.

इथे माझ्या पोटापाण्याचा संबंध येतो. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जगातला पहिला ट्रान्झिस्टर चालला तो जर्मेनियमच्या तुकड्यावर. १९५८ मध्ये जॅक किल्बीने पहिली चिप दाखवली तीही जर्मेनियमचीच. पुढे सगळा कारभार तक्त्यात त्याच्या बरोबर वर बसणाऱ्या सिलिकॉनकडे गेला, कारण घराणं एकच. मी ज्याच्यावर रोज काम करते तो लॅपटॉप आणि तुम्ही ज्याच्यावर बॅचचे निरोप वाचता तो मोबाइल, दोघांचीही वंशावळ त्या एका प्रश्नचिन्हापाशी पोचते.

मेंडेलिव्हची सगळी भाकितं खरी ठरली नाहीत, हेही सांगायला हवं. उतारवयात त्याने हायड्रोजनपेक्षाही हलकी दोन मूलद्रव्यं कल्पिली. तशी काही नाहीत. आणि एक अख्खा उभा रकाना असा होता, ज्याची त्याला चाहूलही लागली नव्हती. त्या रकान्याशी आपल्या कोकणाचं नातं आहे.

विजयदुर्गावर काय झालं आणि काय नाही

सहलीला विजयदुर्गावर गेलो होतो ते आठवत असेल. गडावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि सांगतात की लॉकियर नावाच्या इंग्रजाने इथून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधून काढलं. गोष्ट सुंदर आहे, अर्धी खरीही आहे. उरलेली अर्धी अशी.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ते पाहायला गुंटूरला आला होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या, आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्याने दुसऱ्याच दिवशी करून दाखवलं. लॉकियर तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्याने इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्या रेषा पाहिल्या. त्यातली पिवळी रेषा सोडियमची असेल असं आधी वाटलं होतं. पण तिची जागा सोडियमच्या रेषांहून वेगळी होती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात पदार्थाला हेलियम म्हणू लागले. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांनी मात्र ते मनावर घेतलं नाही.

मग १८९० च्या दशकात लॉर्ड रॅलेला एक विचित्र गोष्ट आढळली. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन हा रसायनांपासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. इतका बारीक फरक कोणीही सोडून दिला असता. त्याने सोडला नाही. रॅम्सेबरोबर शोध घेतल्यावर हवेत एक नवा, कशाशीच संयोग न पावणारा वायू निघाला, तो ऑरगॉन. तक्त्यात त्याला जागाच नव्हती. मेंडेलिव्ह आधी म्हणाला की हा नायट्रोजनच असेल, तीन अणू चिकटलेला. मार्च १८९५ मध्ये रॅम्सेने युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला आणि त्यात ती सूर्यावरची पिवळी रेषा दिसली. खात्री करायला त्याने नमुना पाठवला त्यांत लॉकियरही होता. २७ वर्षांपूर्वी सूर्यावर दिसलेलं हेलियम असं बाटलीत उतरलं. १८९८ मध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन, झेनॉन काढले आणि राजवायूंचा अख्खा रकाना उभा राहिला. तक्ता मोडला नाही, एका रांगेने रुंद झाला. मेंडेलिव्हनेही पुढे तो मान्य केला.

आणि विजयदुर्ग? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर आला होता. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. मोठी मोहीम होती ती. पण तोवर हेलियम रॅम्सेच्या बाटलीत येऊन तीन वर्षं झाली होती. गडाचं महत्त्व याने कमी होत नाही. जगातला एक मोठा सूर्यनिरीक्षक दुर्बिणी मांडायला आपल्या किनाऱ्यावर आला, एवढी खरी गोष्ट पुरेशी आहे. मुलांना सहलीला नेऊ तेव्हा ती खरी सांगू या.

हजेरी क्रमांक

एवढं झालं तरी तक्ता असाच का आहे, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ते मिळायला अणूच्या आत शिरावं लागलं.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. मग मँचेस्टरमध्ये रुदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडले. जवळजवळ सगळे आरपार गेले, पण सुमारे आठ हजारांत एक उलट फिरला. १९११ मध्ये रुदरफोर्डने त्याचा अर्थ लावला. अणूचं जवळपास सगळं वजन आणि धनभार मध्यभागी एका इवल्याशा केंद्रकात आहे. सोन्याचा अणू आपल्या शाळेच्या शंभर मीटरच्या मैदानाएवढा धरला, तर केंद्रक मध्ये ठेवलेल्या मुगाच्या दाण्याएवढं येईल.

याच प्रयोगशाळेत हेन्री मोस्ली नावाचा तरुण होता. १९१३-१४ मध्ये त्याने एकामागून एक मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. वारंवारतेचं वर्गमूळ घेतलं तर ते तक्त्यातल्या प्रत्येक घरागणिक सारख्याच पायरीने वाढत होतं. आलेख मांडला की सरळ रेषा. वजनं कधी दोनने वाढत, कधी चारने, कधी उलटी जात. ही रेषा चुकत नव्हती. म्हणजे केंद्रकावरचा धनभार प्रत्येक घराला बरोबर एकाने वाढतो, आणि तोच मूलद्रव्याचा खरा क्रमांक. यालाच आपण अणुअंक म्हणतो.

माझ्या भाषेत सांगायचं तर आतापर्यंत सगळ्यांनी चुकीच्या रकान्यावरून यादी लावली होती. प्रार्थनेला आपण उंचीप्रमाणे उभे राहायचो, तसं वजन. बहुतेक वेळा रांग ठीक लागायची, पण सुट्टीत कोणी वाढला की दोघांची अदलाबदल व्हायची. मोस्लीला हजेरी क्रमांक सापडला. फरक इतकाच की हा क्रमांक कोणी दिलेला नाही, तो मूलद्रव्याच्या पोटातच आहे. कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड असूनही आधी का, टेल्युरिअम आयोडिनच्या आधी का, याचा निकाल लागला. कोबाल्ट २७, निकेल २८. टेल्युरिअम ५२, आयोडिन ५३. मेंडेलिव्हची मांडणी बरोबर होती आणि वजनंही चुकीची नव्हती. फक्त क्रम वजनाने ठरत नव्हता.

हजेरीपट मिळाला की गैरहजर कोण तेही पक्कं सांगता येतं. मोस्लीने ४३, ६१ आणि ७५ हे क्रमांक मोकळे दाखवले.

यानंतर पहिलं महायुद्ध सुरू झालं. मोस्ली स्वतःहून सैन्यात गेला, संदेश पोचवणाऱ्या तुकडीत अधिकारी झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर गोळी लागून मेला. वय २७. आपण कॉलेज संपवून पहिली नोकरी पक्की करत होतो ते वय.

२, ८, ८ चा खुलासा

१९१३ मध्येच नील्स बोरने इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्येच राहतात असं मांडलं. त्यावरून पुढे त्याने सांगितलं की ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य दुर्मीळ मृदांच्या घरातलं नसून झिर्कोनियमसारखं असायला हवं. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजात शोधलं आणि ते मिळालं. डिसेंबर १९२२ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात बोरने ही बातमी सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ते झालं हाफनियम. १९२५ मध्ये पाउलीने नियम दिला की एका अणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांची अवस्था कधीही अगदी एकच असू शकत नाही. त्यातून कवचांची धारणक्षमता आपोआप निघते, २, ८, १८, ३२.

आता घराण्यांचं कोडं सुटलं. सोडियम २, ८, १ आणि पोटॅशिअम २, ८, ८, १. आत कितीही गर्दी असो, बाहेरच्या कवचात एकटा इलेक्ट्रॉन, म्हणून स्वभाव सारखा. दोघेही पाण्यात टाकले की पेट घेणारे. राजवायूंचं बाहेरचं कवच भरलेलं, म्हणून ते कोणाशी देवाणघेवाण करत नाहीत. न्यूलँड्सला ऐकू आलेलं सप्तक हे होतं. वजनाचाही उलगडा झाला. सॉडीने १९१३ मध्ये समस्थानिकांची कल्पना मांडली होती, आणि १९३२ मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. ऑरगॉनमध्ये १८ प्रोटॉन आणि बहुतेक अणूंत २२ न्यूट्रॉन, म्हणजे ४०. पोटॅशिअममध्ये १९ प्रोटॉन, पण बहुतेक अणूंत २० च न्यूट्रॉन, म्हणजे ३९. वजन न्यूट्रॉन वाढवतात, स्वभाव प्रोटॉन ठरवतात.

त्रेचाळीसवी चौकट

मोस्लीच्या तीन गैरहजरांपैकी ७५ क्रमांकाचं ऱ्हेनियम १९२५ मध्ये सापडलं. ६१ वं प्रोमेथियम १९४५ मध्ये अमेरिकेत अणुभट्टीतल्या अवशेषांतून निघालं. ४३ ची गोष्ट मात्र मला जास्त जवळची आहे. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक टिकाऊ नाही, म्हणून खाणींत शोधून ते हाती लागत नव्हतं. १९३७ मध्ये इटलीत पालेर्मो इथे सेग्रे आणि पेरिए यांनी ते ओळखलं, अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून. माणसाने बनवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून नाव टेक्निशियम, म्हणजे कृत्रिम.

चार वर्षांपूर्वी माझ्या आईला कॅन्सरचं निदान झालं आणि तो हाडांत पसरलाय का ते पाहायचं होतं. तिला एक इंजेक्शन दिलं आणि तीन तास बसवून ठेवलं. आई घाबरली होती. “हे अंगात राहणार का गं?” असं पुन्हापुन्हा विचारत होती. मी तिथल्या मुलाला विचारलं, इंजेक्शन कशाचं? तो म्हणाला, टेक्निशियम. मग मी आईला सांगू शकले की दर सहा तासांनी ते निम्मं होतं, उद्या या वेळेपर्यंत सोळावा हिस्साही राहणार नाही, आणि बरंचसं लघवीवाटे त्याआधीच निघून जाईल. ती शांत झाली. हाडं स्वच्छ निघाली. आई आज बरी आहे आणि हा लेख तिने तपासून दिला आहे.

२०१६ मध्ये ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि तक्त्याची सातवी ओळ पूर्ण झाली. मेंडेलिव्हला नोबेल मिळालं नाही, पण १०१ वं मूलद्रव्य त्याच्या नावाचं आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा बनवलं तेव्हा अणू मिळाले होते अवघे १७. आठव्या ओळीतलं पहिलं मूलद्रव्य बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

शेवटी एक सूचना. बॅचतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला काय द्यायचं याची चर्चा आपल्या ग्रुपवर चालू आहे. प्रोजेक्टर, कपाटं, सूक्ष्मदर्शक, सगळं द्यावंच. त्यात ११८ मूलद्रव्यांचा नवा तक्ता असेल तर त्याच्या शेजारी मेंडेलिव्हचा १८६९ चा तक्ताही मोठा छापून लावू या, त्यातल्या चारही प्रश्नचिन्हांसकट. खर्च फारसा नाही, तो मी करीन. शिकवताना आजच्या सरांनी आणि बाईंनी मुलांना एवढंच विचारावं की या चार जागी कोण येणार होतं, आणि उत्तर सांगायची घाई करू नये.